पहिल्या अंकात मरणारा राजा

रायपूर राजधानी झालं तेव्हापासून आमच्या मराठी मंडळातही प्रत्येकाला खुर्ची हवी झाली होती. अशातच मी गणपतीसाठी एका दरबाराचं नाटक लिहिलं. पहिल्या अंकाच्या शेवटी राजाला विष देतात आणि पुढे दोन अंक गादीसाठी कारस्थानं चालतात, एवढी साधी गोष्ट. राजाचं काम मंडळाच्या अध्यक्षांनी कोणाला न विचारता स्वतःकडे घेतलं. तिसऱ्या तालमीला त्यांनी पहिला अंक शेवटपर्यंत वाचला आणि मला बाजूला घेतलं.

"काहून मारून राहिले बा मले एवढ्या लवकर? नवा रायपूरवरून मंत्रालयातले साहेब लोक येऊन राहिले पाहाले."

मी त्यांचं मरण दुसऱ्या अंकात ढकललं. मग ते म्हणाले, विष पिऊनही माणूस वाचू शकते. राजा मरेना म्हणून दिवाण झालेले सचिव चिडले. त्यांची समजूत काढायला मी एक लांबलचक स्वगत घातलं, तर ते अध्यक्षांना खुपलं. रोज ऑफिसातून आलो की मी या दोघांच्या पायी पानं फाडत बसायचो. प्रयोगात राजा तिन्ही अंक गादीवर बसून सगळ्यांना माफ करत होता.

"एवढा राग येते तं तोंडावर बोला ना," बायको म्हणाली.

पंधरा दिवसांनी मंडळाची निवडणूक होती. पुढच्या वर्षीही नाटक तुमचंच, असं अध्यक्ष मला म्हणाले होते. त्यांच्या अर्जावर सूचक म्हणून सही माझी आहे.