शोभाताईंच्या कुरड्या आणि माझी सावली

आता कोणत्या तोंडाने सांगू? पण चहा हातात दिलाच आहे तुम्ही, तर ऐका.

मी भूगोलाचा प्राध्यापक. कॉलेजात माझं भाषण होतं. विषय साधासुधा नाही बरं! आकाशात खूप उंचावर बारीक कण फवारायचे, ऊन कमी करायचं आणि पृथ्वी गार ठेवायची, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. पण ते ठरवायचं कोणी? एका देशाला गारवा मिळाला आणि दुसऱ्याचा पाऊस गेला तर? मी नुसता पेटलो होतो.

त्यात नागपूरचा मे महिना. आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, कूलरही गरम वारा फेकायचा. मग काय, भाषणाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी माणूस बोलावला आणि अख्ख्या गच्चीवर हिरवी जाळी ताणून घेतली. घर गार, मी गार!

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडं टाकून बायकोसमोर भाषणाची तालीम सुरू केली. हात उंचावून गरजलो, "साऱ्यांच्या डोक्यावर सावली धरायचा अधिकार एकट्याला कोणी दिला?"

"तेच इचारायले आली मी," दारातून आवाज आला. खालच्या मजल्यावरच्या शोभाताई! "सर, ऊन काहून झाकलं?"

मी हरखलो. भाषण जिन्यापर्यंत पोचलं की!

"झाकलं नाही हो ताई, अजून जगात नुसती चर्चा सुरू आहे."

"चर्चा कायची? झाकलं न! माह्या गव्हाचं काय होईन मंग?"

"अगदी बरोबर! पिकांवर परिणाम होऊ शकतो."

"होऊ शकतो नाही, झाला. सकाळपासून सावलीच हाये."

"ते ढग असतील."

"ढग हिरवे असते का, सर?"

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. माझ्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा.

गच्चीवर गेलो. माझ्या जाळीखाली चादरीवर शोभाताईंच्या गव्हाच्या कुरड्या, ओल्या, मलूल.

"पुण्याले पोरीले दिवस गेले, सर. मायच्या हातच्या कुरड्या मागून राहिली. आज रातची गाडी हाये माही. वाळल्या नाही तं आंबतीन."

"अहो, मग जाळी दिसली तेव्हाच का नाही बोललात?"

"वाटलं, सर इतके शिकलेले. कोणाले तरी इचारूनच बांधली असन."

मी तडक जाळी सोडायला धावलो.

जाळी तारेने आवळलेली, सुटता सुटेना. शेवटी दोघांनी चादर उचलून खाली आणली आणि उन्हात तापलेल्या माझ्या गाडीच्या टपावर, बॉनेटवर कुरड्या पसरल्या. मी डोक्याला दुपट्टा बांधून काठी घेऊन चिमण्या हाकत उभा. येणारा जाणारा विचारायचा, "काय सर, सूर्य सापडला का?"

संध्याकाळपर्यंत कुरड्या खडखडीत वाळल्या. शोभाताई फोनवर लेकीला सांगत होत्या, "आणून राहिली वं माय, आणून राहिली." त्यांचा तो आवाज ऐकून माझेच डोळे भरून आले.

निघताना त्यांनी माझ्या हातात एक डबा दिला. "काठाच्या थोड्या आंबल्या, सर. त्या तुमाले."

तळून खाल्ल्या. आंबट होत्या हो! पण एक टाकली नाही.

जगाचा करार व्हायचा तेव्हा होईल. आमच्या गच्चीचा झाला: वर काही बांधायचं तर सगळ्यांना विचारायचं. आणि सरांना बांधायचं असेल, तर त्यांनी आधी शोभाताईंना विचारायचं!