साहेबांनी सेट सोडला नाही

बटालियन डोंगरात चढली तेव्हा बँडची वाद्यं खाली बेसला राहिली. सिव्हिलियन लोकांना हे सहसा ठाऊक नसतं. लढाईत बँडवाला स्ट्रेचर उचलतो. मी हवालदार म्हात्रे, साइड ड्रम, डोंबिवलीजवळच्या मानपाड्याचा. माझ्या स्ट्रेचरचं दुसरं टोक लान्स नाईक सुगत वाघमारेकडे असायचं. तो कल्याणचा, सॅक्सोफोन वाजवायचा. दोघांची भरती एकत्र झालेली, त्यामुळे आमच्यात रँकबिंक काही नव्हतं.

सुगतचे वडील वरातीत आणि जयंतीच्या मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवायचे. घरी सकाळी आधी त्रिशरण-पंचशील, मग रियाज. जॅझचं वेड त्याला म्युझिक कोर्सवर एका गोवेकर मास्तरांनी लावलं आणि ते काही उतरलं नाही. रविवारी ऑफिसर्स मेसमध्ये आम्ही तिघं वाजवायचो. तिसरे म्हणजे साहेब. तेव्हा ते कॅप्टन होते, बँड त्यांच्या हाताखाली होता, आणि पियानो खरंच बरा वाजवायचे.

जॅझमध्ये एक रीत आहे. चार मात्रांचा एक बार धरतात. चार बार एकाने वाजवायचे, पुढचे चार दुसऱ्याने. "चार बार तुझे, चार बार माझे," सुगत मला समजावत होता, तेवढ्यात मागून आमचे सुभेदार आले.

"चार बार? सुट्टीत एक पुरत नाही वाटतं तुम्हाला?"

"साहेब, मी पंचशील घेतलंय," सुगत म्हणाला. "एकही चालत नाही."

सुभेदारांना तो विनोद होता की उत्तर, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याचं सगळं बोलणं असंच होतं, अर्धं विहारातलं, अर्धं जॅझमधलं. मी एखादा तुकडा चांगला वाजवून त्याच खुशीत राहिलो की म्हणायचा, "झाला ना वाजवून? सोड आता. अनिच्च, काहीच टिकत नाही. गेलेला सूर धरून बसलास तर पुढचा हातचा जाईल." आणि दुसरं म्हणायचा, "दुसऱ्याच्या चारात आपण गप्प राहायचं. गप्प राहणं हेही वाजवणंच आहे." हे तो माणसांबद्दलही बोलायचा. आईशी भांडण झालं, सुट्टी नाकारली गेली, कशालाही त्याच्याकडे हेच औषध. मी वैतागायचो. पण रागात हात उचलायच्या आधी थांबायला मी त्याच्यामुळेच शिकलो, हे खरं.

वर जाण्याआधी आम्हाला वायरलेस सेट शिकवला, तेव्हाही त्याने जॅझ काढलंच. "बघ म्हात्रे, बटण दाबलं की तुझे बार. ओव्हर म्हटलंस की बोट काढ. नाहीतर समोरच्याने बोलायचं कधी?" साहेब बाजूलाच उभे होते. त्यांनी मान डोलावलेली मला आठवते.

त्या दिवशी दुपारी वरच्या पोस्टवरून एक जवान आणायचा होता. मांडीत गोळी लागलेली. अर्धं अंतर उतरलो आणि उघडा टप्पा आला. समोरच्या टेकडीवरून तिथे फायर यायचं. आमच्या कंपनीने कव्हर फायर दिलं तर आरामात पार होण्यासारखा टप्पा होता. ते मागायचं होतं खाली बेसच्या एड पोस्टवर, जिथे जखमींना आणायचे तिथे, साहेबांकडे.

"बेस, बँड पार्टी. उघड्या टप्प्याशी आहोत. कव्हर फायर हवं. ओव्हर."

उत्तर नाही. सेटवर साहेबांचाच आवाज. ते हेडक्वार्टरला सगळी परिस्थिती समजावून सांगत होते, सविस्तर, बटण दाबून धरलेलं. एकाने बटण धरलं की बाकीच्यांचं बोलणं पोहोचत नाही. मी पुन्हा पुन्हा बोलावलं. साहेबांचं इंग्रजी चालूच होतं.

स्ट्रेचरखालून रक्त ठिबकत होतं. सुगतने जवानाची नाडी पाहिली.

"थांबलो तर हा जाईल."

"कव्हर नाहीये, सुगत."

"साहेब सेट सोडत नाहीत. चल."

निघालो. टप्पा जवळजवळ संपला होता तेव्हा मागचं टोक जड झालं. सुगतला पाठीत लागली होती. त्याने आधी स्ट्रेचर जमिनीला टेकवला आणि मग तो पडला. तिथेच गेला. जवान वाचला.

साहेबांच्या रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, स्ट्रेचर पार्टीचा सेट नादुरुस्त. मी साहेबांसमोर उभा राहिलो.

"साहेब, सेट चालू होता."

"म्हात्रे, त्याने आता तो परत येणार आहे का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "मी जिथे जिथे वाजवीन तिथे त्याचं नाव घेईन. शब्द देतो."

मी तो शब्द घेतला. अधिकाऱ्याचा शब्द होता.

साहेब कर्नल होऊन रिटायर झाले, घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहायला आले. परवा त्यांचा फोन. "रविवारी आमच्या क्लबहाउसमध्ये माझं भाषण आहे. जॅझ आणि बुद्ध. ड्रम घेऊन ये, शेवटी थोडं वाजवू." मला वाटलं, आला एकदाचा तो दिवस. सुगतची धाकटी बहीण विशाखा कल्याणला शाळेत शिकवते. तिला म्हटलं, चल, दादाचं नाव ऐकायला. ती विहारात जाताना नेसते ती पांढरी साडी नेसून आली.

साहेब छान बोलले. म्हणाले, "एक दिवस वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं, गेलेला सूर धरून बसलं तर पुढचा हातचा जातो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, "गप्प राहणं हेही वाजवणंच आहे, हे मला सैन्याने शिकवलं." पुन्हा टाळ्या. वायरलेसचंसुद्धा सांगितलं. तेही स्वतःचं म्हणून. नाव शेवटपर्यंत आलं नाही.

विशाखा हळूच म्हणाली, "म्हात्रेभाऊ, हे तर दादा घरी बोलायचा." मला तिच्याकडे बघवेना. मरण देऊन झालं होतं, आता त्याचं बोलणंही नेलं.

मग आम्ही वाजवायला बसलो. साहेबांनी चार बार वाजवले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी काठ्या मांडीवर ठेवल्या. माझे चार मी सुगतला दिले होते. साहेबांना वाटलं, म्हातारा चुकला. त्यांनी ती जागा स्वतः भरून काढली. पुढच्या फेरीला मी पुन्हा थांबलो, ते पुन्हा घुसले. लोक हसले. तिसऱ्यांदा त्यांची बोटं पट्ट्यांवर उतरली तेव्हा मी परेडच्या आवाजात बोललो.

"साहेब, सेट सोडा. ओव्हर."

हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. साहेबांना कळलं. चेहरा उतरला आणि त्यांनी दोन्ही हात उचलले. ते चार बार कोणी वाजवले नाहीत.

ते संपल्यावर मी उभा राहिलो, सावधान. "लान्स नाईक सुगत वाघमारे. सॅक्सोफोन. आज इथे जे ऐकलंत ते सगळं त्याचं होतं."

मागच्या रांगेतून विशाखा, विहारात वंदनेनंतर म्हणतात तसं, म्हणाली, "साधू." मग आम्ही ड्रम रिक्षात घातला आणि निघालो.