कच्चं सूत

आधी सिस्टरचं सांगतो. सोलापुरात, दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आयसीयूत त्या दिवसपाळीला असायच्या. घरात तेलुगू, बाहेर आपली मराठी. नाव पाठ आहे, पण "मामा, माझं नाव कुठं घेऊ नका" असं त्यांनीच बजावलंय, म्हणून घेत नाही. माझ्या बायकोला डॉक्टरांनी वाचवलं. मला वेड लागायचं वाचलं ते सिस्टरमुळं.

मी सातवीतून शाळा सोडलेला. गाव हिंगोलीकडं, इथं यंत्रमागावर चादरी विणतो. आपलं म्हणावं असं या शहरात एकही घर नाही. बायकोला लघवीला जळजळ, मग थंडीताप. आम्ही गोळ्या घेत बसलो. जंतू रक्तात गेले, बीपी पार खाली आलं, दोन्ही किडन्या बंद पडल्या. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस लागेल, पण नेहमीचं नाही. चोवीस तास चालणारं, हळू. मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं.

भेटीच्या वेळेला आत गेलो. ती गुंगीत. मानेतल्या नळीतून रक्त मशीनमध्ये जात होतं, गाळून परत येत होतं. खाली पिशवीत पिवळसर पाणी. मशीनचं चाक फिरताना बघितलं आणि माझं डोकंच सरकलं. इतकं हळू! आमच्याकडं माग असा रेंगाळला तर मुकादम आईबाप काढतो. शेजारच्या मागावरल्याच्या भावाचं डायलिसिस चार तासांत उरकतं, हे मला माहीत होतं. वाटलं, आमचं इथं कुणी नाही, म्हणून जुनं मशीन लावलंय.

"सिस्टर, स्पीड वाढवा की याचं. नाहीतर हे म्हातारं मशीन काढून चांगलं द्या."

त्या दर तासाला किती पाणी निघालं ते लिहीत होत्या. वर बघून म्हणाल्या, "मामा, काम काय करता?"

"मागावर आहे."

"आमच्या घरी पण माग होते. मग सांगा, कच्चं सूत लावून माग जोरात सोडला तर?"

"तुटणार की."

"मामींचं बीपी म्हणजे कच्चं सूत. औषधाच्या पंपावर कसंबसं टिकलंय. चार तासांत सगळं ओढलं तर तुटेल. म्हणून रात्रंदिवस थोडं थोडं. मशीन म्हातारं नाही, शहाणं आहे."

कळलं. पण कळलं म्हणून जीव थाऱ्यावर आला असं नाही. बाहेर बाकावर बसायचो, उठायचो, जिन्यापर्यंत जाऊन परत यायचो. दार उघडलं की धावत जायचो.

तिसऱ्या दिवशी मी आत असतानाच मशीन ओरडलं आणि चाक थांबलं. आमच्यात माग थांबला म्हणजे धागा तुटला. "तुटलं! तुटलं!" म्हणून मी किंचाळलो.

"काय तुटलं नाही! रक्त गाळायच्या फिल्टरमध्ये गुठळी झालीय, बदलतो. मशीन थांबलंय, मामी नाही. त्या पडद्यावर बघा, हृदय चालू आहे ना?"

नवा फिल्टर लागेपर्यंत मी त्या हिरव्या रेघेवरून नजर काढली नाही.

सहाव्या दिवशी सिस्टर दारातूनच ओरडल्या, "मामा, मामींना लघवी झाली!" सगळा व्हरांडा हसला. मी रडलो.

दोन दिवसांनी मशीन निघालं. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर रजेवर जाणार होत्या. म्हटलं, तुमच्यासाठी चादर विणून आणतो. त्या हसल्या. "विणकराच्या घरात चादर? आणायचंच तर मामींना आणा, जिन्यानं चालत. आठ दिवस त्या गुंगीत, त्यांच्याशी मी एकटीच बडबडले. त्यांचा आवाज कुठं ऐकलाय मी?"

त्या परत यायच्या आत आम्हाला घरी सोडलं. तपासण्या चालूच आहेत. सूज आली का म्हणून मी रोज सकाळी बायकोचे पाय दाबून बघतो. ती वैतागते, "कणिक आहे का ती?"

तीन मजले तिला अजून झेपत नाहीत. झेपतील त्या दिवशी घेऊन येतो, सिस्टर. आणि चादरही आणणारच, पक्क्या सुताची.