तीस वर्षं न गिळलेले दाणे

आमचे हे शेंगदाण्यांच्या कारखान्यात चाखणारे. त्याचाच पगार मिळतो. लग्न ठरलं तेव्हा धाकट्या बहिणीने विचारलं, नवरा काय काम करतो. मी म्हटलं, दाणे खातो. ती इतकी हसली की आईने तिला आत पिटाळलं. आणि तेही खरं नव्हतं, कारण हे दाणे खातच नाहीत. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक खेपेतले चार दाणे तोंडात टाकायचे, बारीक चावायचे, जिभेवरून फिरवायचे आणि शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकायचे. मग कोमट पाण्याची चूळ. दिवसाला चाळीस-पन्नास खेपा. गिळत बसलं तर दुपारपर्यंत पोट फुगतं आणि जीभ आळसावते, म्हणून गिळायचं नाही हा त्या कामाचा नियमच आहे. तीस वर्षांत ह्यांनी एक दाणा पोटात जाऊ दिला नाही. घरीही नाही. दाण्यांची वाटी पुढे केली की म्हणायचे, सुट्टीच्या दिवशी कामाला लावू नकोस.

कारखान्यात ह्यांना जीभराव म्हणतात. त्या जिभेपायी मी काय सोसलंय ते माझं मला ठाऊक. घरात अत्तर नाही, वासाचा साबण नाही, रविवार सोडला तर तिखट नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर हे बोलत नाहीत, नुसती एक भुवई वर करतात, आणि ती भुवई बघून माझं डोकं फिरतं. पण खोटं कशाला बोलू, कुबट दाणा ह्यांच्या तोंडातून कधी सुटला नाही. पोत्याला ओल लागली की दाण्यावर बुरशी धरते. तिचं विष यकृताला वाईट, आणि ते भाजून पुरतं जात नाही. ह्यांची भुवई वर गेली की सबंध खेप बाजूला काढायची. मॅनेजर दातओठ खायचा, पण काढायचा.

गेल्या वर्षी कारखान्यात यंत्र आलं. ते दाण्याचा रंग बघतं, ओलावा मोजतं, रजा मागत नाही आणि त्याला भुवई नाही. मॅनेजरने ह्यांना बोलावून गोड आवाजात सांगितलं, आता तुम्ही विश्रांती घ्या. ह्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती आणि मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणालाही नेमकी तेवढीच. माझी तर पाचावर धारण बसली.

त्याच सुमारास कंपनीला अचानक लोकांच्या तब्येतीचा कळवळा आला. दाणे आता चव म्हणून विकायचे नाहीत, आरोग्य म्हणून विकायचे असं ठरलं. एक आहारतज्ज्ञ मुलगी आणली, तिच्या व्याख्यानाला आम्हा बायकांनाही बोलावलं. पोर हुशार होती, उगाच फुगवून बोलत नव्हती. रोज मूठभर, म्हणजे साधारण तीस ग्रॅम दाण्यांत सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्यातली चरबी बहुतेक हृदयाला बरी अशी. तंतू असल्यामुळे पोट भरल्यासारखं राहतं, शिवाय मॅग्नेशियम आहे, फोलेट आहे. मीठ नको, तळलेले नकोत, मुठीच्या वर नकोत, आणि ज्याला दाण्यांची ॲलर्जी आहे त्याने हातही लावू नये. मला सगळं पटलं.

पण तिच्यामागून जाहिरातवाला उठला. त्याच्या हातात पडल्यावर हृदयाला बरे म्हणजे हृदयरोग बरा करणारे झाले. मग स्मरणशक्ती आली, केस आले, गुडघे आले, आणि चहा येईपर्यंत त्याच दाण्यांनी संसारात गोडीसुद्धा आणली. त्या मुलीने बोलायला दोनदा हात वर केला. तिला कोणी बोलू दिलं नाही.

त्या जाहिरातवाल्याची नजर ह्यांच्यावर पडली. तीस वर्षं दाण्यात काढलेला माणूस, मग काय विचारता. फलकावर ह्यांचा फोटो आणि खाली 'तीस वर्षं, रोज मूठभर!' तेवढं लोकांसमोर बोलायचं, त्या बदल्यात दोन वर्षं 'आरोग्यदूत' म्हणून नोकरी पक्की. हे म्हणाले, अहो पण मी थुंकतो. तो म्हणाला, तोंडात तर गेले ना?

हे घरी येऊन जेवले नाहीत. मला म्हणाले, मला हे जमायचं नाही. मी तडकले. म्हटलं, मुलीची फी काय तुमची जीभ भरणार आहे? एक वाक्य बोलायचंय, कुणाच्या घरावर दरोडा घालायचा नाहीये. दोन दिवस मी ह्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे फोटो काढून आले. फलकावर ह्यांचे केस काळेभोर केले होते आणि गाल भरले होते. रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी घेणारा माझा नवरा त्यात कुस्ती मारून आल्यासारखा दिसत होता.

पहिला कार्यक्रम एका शाळेत झाला. कंपनी प्रत्येक मुलाला रोज एक पाकीट फुकट देणार होती. सभागृहात चारशे पोरं आणि प्रत्येकाच्या मांडीवर पाकीट. आधी ह्यांनी मंचावर मूठभर दाणे खायचे, मग मॅनेजर टाळी वाजवणार आणि सगळ्या पोरांनी एकदम पाकिटं फोडायची. मी दुसऱ्या रांगेत बसले होते.

ह्यांनी ते वाक्य नीट म्हटलं. माझा जीव भांड्यात पडला. मग दाणे तोंडात टाकले, चावले, आणि जबडा थांबला. भुवई वर गेली.

ती खेप यंत्राने पास केलेली होती. मंचावर काय चाललंय ते सबंध सभागृहात एकट्या मला कळलं होतं. मॅनेजर हसत उभा होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, आता लपवून काय करायचंय, मान हलवली. गिळा.

हे समोर पहिल्या रांगेकडे बघायला लागले. मग खिशातून रुमाल काढला, त्यात थुंकले आणि माइक तोंडाशी घेतला.

"मुलांनो, पाकिटं फोडू नका. दाणा कुबट आहे. आणि मी रोज मूठभर खातो म्हणालो तेही खोटं आहे."

मुख्याध्यापिका खमकी निघाली. तिने उभ्या उभ्या सगळी पाकिटं गोळा केली आणि दोन तपासायला पाठवली. बुरशी निघाली. कंपनीने गुपचूप सगळा माल परत घेतला आणि आठवड्याने ह्यांच्या हातात नोकरीवरून काढल्याचं पत्र ठेवलं. कारण काय, तर 'जाहीर कार्यक्रमात मंचावर थुंकून कंपनीची प्रतिमा मलिन केली.' ज्यांनी तीस वर्षं थुंकायचाच पगार दिला, त्यांनी हे लिहावं. मी ते पत्र वाचून जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या.

मग मी विचारलं, तुम्ही रागावलात का माझ्यावर? गिळा म्हणून खूण मीच केली होती.

"रागवायचं काय त्यात," हे म्हणाले. "मी गिळणारच होतो. पण पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलीला धीर निघेना. तिने पाकीट दातांनी फोडायला घेतलं होतं."

पहिली रांग म्हणजे माझ्या पुढचीच. ती मुलगी माझ्या हाताच्या अंतरावर बसलेली असणार. मला ती दिसलीच नव्हती.