सुटलेल्या झेलांचा रकाना

मधुमतीबाईंनी ते भांडण ऐकलं ते पोळ्या लाटताना, आणि त्यापायी त्यांच्या तीन पोळ्या करपल्या. साल त्र्याऐंशी, घर बर्मिंगहॅमचं. पलीकडे फ्रंट रूममध्ये त्यांचे यजमान पद्माकर आणि बाईंचा थोरला भाऊ डॉक्टर श्रीनिवास. पद्माकर इस्पितळाच्या रेकॉर्ड्स खात्यात कारकून, श्रीनिवास तिथेच सर्जन. पद्माकरांनी वर्षाचा तक्ता भरला होता, कुठल्या डॉक्टरच्या हातचे किती पेशंट दगावले त्याचा. श्रीनिवासचे सगळ्यांत जास्त निघाले.

"माझ्याकडे मरायला टेकलेलेच पाठवतात, पद्माकरराव. ते लिहा की."

"फॉर्मात तसा रकाना नाही."

"मग काढा."

"मी फॉर्म भरतो, डॉक्टर. छापत नाही."

श्रीनिवास न जेवता उठला, आणि वर्षाच्या आत बिऱ्हाड हलवून लंडनजवळ हॅरोला गेला. पुढे दिवाळी-संक्रांतीला फोन व्हायचे, पण मेहुणे-मेहुणे बोलायचे ते तिकडे पाऊस आहे का, इकडे आहे. एवढ्यासाठी ट्रंक कॉल कशाला, खिडकीतून बघा, असं मधुमतीबाईंच्या अगदी ओठावर यायचं. एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण होऊन त्या दहा वर्षं मध्ये लोंबकळत राहिल्या.

पद्माकर वाईट नव्हते. लिहिलेलं तेवढं खरं, अशी त्यांची धारणा. तरुणपणी पुण्यात दर रविवारी क्रिकेटचे स्कोअरर म्हणून बसत. बॅट आयुष्यात हातात धरली नाही, पण कुणी किती चेंडू खेळला हे वीस वर्षांनीही सांगत. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा कोपऱ्यावरची बस किती मिनिटं उशिरा येते ते लिहायला लागले. मधुमतीबाई डोक्याला हात लावून बसल्या.

त्यातून सुटका केली अतुलने. हा श्रीनिवासचा मुलगा, इंजिनियरिंगला बर्मिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत आलेला, शनिवारी आत्याकडे जेवायला यायचा. तिथे तो अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला. खांद्यावर उशा बांधायच्या, डोक्यावर टोप चढवायचा, नाव फुटबॉल आणि पाय लावायचा नाही. अतुल क्वार्टरबॅक. म्हणजे त्याने चेंडू लांब फेकायचा, आपल्यातल्या पळणाऱ्या कुणीतरी झेलायचा, आणि समोरच्यांनी तेवढ्यात अतुलला आडवा पाडायचा. आकडे लिहायला टीमला माणूस नव्हता. पद्माकर क्रिकेटची वही घेऊन मैदानाच्या कडेला जाऊन बसले ते बसलेच. रविवारी मॅच, सोमवारी सकाळी तक्ता कोचच्या नावाने पोस्टात.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत अतुलचं शेवटचं वर्ष होतं. टीम सहातल्या पाच मॅचेस हरली होती, दोन उरल्या होत्या. शेवटची मोठी, घरच्या मैदानावरची. तिच्यात अतुलला खेळवायचं की दुसऱ्या एका उंच पोराला, ते तक्ते बघून ठरवीन असं कोच म्हणाला. अतुलची झोप उडाली.

"आत्या, पप्पाला फक्त विन पाहिजे," तो म्हणाला. "माझी नंबर कोण बघतच नाय."

खरंच होतं ते. हॅरोहून श्रीनिवास फोनवर म्हणाला, पाच हरला, आणखी काय मोजायचं? मधुमतीबाईंनी रिसीव्हरकडे बघितलं. हाच तो, एका रकान्यासाठी उपाशी उठलेला. आता ह्याला दोनच रकाने पुरत होते, जिंकले आणि हरले.

तिच्या आदल्या मॅचच्या दिवशी पद्माकरांना ताप. मग वही घेऊन मधुमतीबाई गेल्या. शिक्षण चौथीपर्यंत, पण आकडे येत होते. थंडीत फ्लास्क मांडीत धरून त्यांनी एकूण एक फेक टिपली. तीस फेकी, एकोणीस झेल. कोच वहीत डोकावला, अतुलची पाठ थोपटली. मॅच मात्र हरले. अतुल तरीही उड्या मारत गेला.

संध्याकाळी पद्माकर शाल पांघरून वही तपासायला बसले.

"एकोणीस झेल, आणि हरले कसे? हा झेल कुणी घेतला?"

"निळ्या कपड्यातल्या मुलाने. छान घेतला हो, उडी मारून."

"आपले लाल आहेत."

"झेल तो झेल. घेणाऱ्याचे कपडे कशाला बघू?"

पद्माकरांनी चष्मा काढला. निळ्यांनी घेतलेले चार निघाले. ते अतुलच्या नावावर उलटे लागतात. उरले पंधरा, म्हणजे निम्मे. उंच पोराचे निम्म्याहून थोडे जास्त. मधुमतीबाई म्हणाल्या, राहू द्या तसंच, कोचने बघितलंय, पोराचं शेवटचं वर्ष आहे. पद्माकरांनी चार आकडे खोडले. बायकोने भांडी आपटली तरी खोडले.

मग म्हणाले, "ह्या फुल्या कसल्या?"

"हातात आलेला चेंडू ज्या धांदरटांनी सोडला, त्यांच्या. अतुल बिचारा बरोबर छातीवर देतोय आणि हे पाडतायत. सात वेळा. मला राग आला, मी फुली मारली."

"तसा रकाना नसतो."

"नसेल. राग आलाच होता."

पद्माकरांनी फुल्या मोजल्या. मग पट्टी मागितली, तक्त्यात एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, हातात येऊन सुटलेले. खाली सात. मग दुसऱ्या कागदावर अख्खा तक्ता पुन्हा उतरवला आणि पाकिटावर हॅरोचा पत्ता घातला. मधुमतीबाईंनी विचारलं, त्याला आणखी काय लिहिलंत?

"एकच ओळ. रकाना काढता येतो."

"हे सुचायला दहा वर्षं?"

पद्माकरांनी पाकीट चिकटवलं.

बुधवारी पद्माकर छातीच्या दुखण्याने गेले. श्रीनिवास आला तेव्हा ते पाकीट त्याच्या कोटाच्या खिशात होतं. कोचने सात आकडा बघून अतुललाच खेळवलं. तेराव्यानंतरच्या रविवारी ते तीन पॉइंटांनी हरले. श्रीनिवास मांडीवर वही घेऊन बहिणीशेजारी बसला होता. मॅच सुरू झाल्यावर वाकून विचारतो, आपले कुठल्या रंगाचे? मधुमतीबाईंना हसावं की वही हिसकावून घ्यावी कळेना.

पण सोमवारचं सांगायचं राहिलं. ताप उतरला होता, तरी मी टाकते पत्रं असं मधुमतीबाई दोनदा म्हणाल्या. पद्माकरांनी ऐकलं नाही. कानटोपी, मफलर, जाता जाता दुधाच्या रिकाम्या बाटल्या पायरीवर. खिडकीतून त्या बघत होत्या. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत त्यांनी पाकिटं एकेक करून टाकली, अडकलं नाही ना म्हणून बोटं आत घालून पाहिलं, पाठ असलेली वेळेची पाटी पुन्हा वाचली आणि घड्याळाशी ताडून बघितली. परत येऊन पायपुसण्यावर बूट तीनदा घासले.

"टाकलं," ते म्हणाले. "नऊला चार मिनिटं कमी होती. चहा टाक."