नाल्याकडच्या धुऱ्यावरचं काटवल

सौसरकडं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. माझ्या माहेरचं शेत एवढंसं, की मधोमध उभं राहून हाक मारली तर चारही धुऱ्यांवरून ओ यावी. त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर व्हायची. उरलेले दिवस माय-बाबा लोकांच्या संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला जायचे. पण नाल्याकडचा धुरा ही मायची खास जागा होती. तिथं बोरी होत्या, एक हिवराचं झाड होतं, गुंजेचे वेल होते. बोरींच्या बुडाशी लावे पक्षी तुरुतुरु पळायचे. आणि पाऊस मुरला की बोरींवर काटवलाचे वेल चढायचे.

पुण्या-मुंबईकडं त्याला करटोली म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. आमच्यासाठी ते काटवल.

लग्न होऊन मी पांढुर्ण्याला गेले, ते ऐंशीच्या दशकातले सुरुवातीचे दिवस. दरवर्षी पोळ्याला माहेरी यायची. साडीचोळीची मायची ऐपत नव्हती, पण मी येणार म्हटलं की ती त्या धुऱ्यावर कोणाला फिरकू द्यायची नाही. सकाळीच आम्ही दोघी जायचो. हातातल्या काठीनं ती पाला हलवायची आणि ओरडायची, "पायाखाली पाह्य वो बाई, बुडात साप राह्यते!" मग एकेक काटवल खुडून माझ्या पदराच्या ओट्यात टाकायची. शेवटचं एक मात्र कधी तोडायची नाही. ते पिकून, फुटून लाल बिया दाखवायचं आणि पाखरं ते न्यायची.

एका वेलाला लदलद फळं यायची. शेजारच्या दुसऱ्याला नुसती फुलंच. माय त्याला भाकड म्हणायची. भाकड गायीला म्हणतात तसं.

त्याच बोरींच्या काट्या तोडून माय उन्हाळ्यात शेताला कुंपण घालायची. त्या बोराट्या ओढून ओढून तिच्या तळहातांची चाळण व्हायची. दिवेलागणीला बाबा सुई घेऊन बसायचे आणि तिच्या हातातले काटे काढायचे. ती हूं की चूं करायची नाही, कळवळायचे ते बाबाच.

एका वर्षी त्यांनी कामावरच्या बगीच्यातून कुंपणाला म्हणून बेशरमच्या झुडपाच्या कांड्यांचा भारा डोक्यावर आणला. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत, ते पाणी मागत नाही आणि मरतही नाही, असा त्याचा लौकिक. तेव्हा जो तो तेच लावत होता.

"नाव तरी बरं पाहाचं होतं," माय हसली.

"नावाले काय करतं? तुह्या हाताले काटा नाही लागत, बस झालं," बाबा म्हणाले.

कांड्या खोचल्या आणि पावसात लगेच फुटल्या. जांभळट फुलं आली तेव्हा, खरं सांगते, मला ती आवडली होती. आता कुंपणाला बोरी लागत नव्हत्या, म्हणून त्या तुटून चुलीत गेल्या. दोन-तीन पावसाळ्यांत धुरा बेशरमनं गिळून टाकला. चढायला बोर नाही आणि ऊन खाली पोचत नाही, मग काटवल करणार काय? गुंज गेली. लावे कुठं गेले कोण जाणे. बाबांनी चिडून बेशरम तोडला आणि नाल्यात फेकला. पुढच्या वर्षी तो खाली, धुण्याच्या जागेवर, ऐटीत उभा होता! असला दुष्मन माणूसच आपल्या हातानं पोसतो आणि वर त्यालाच बेशरम म्हणतो.

मायनं शेवटी ठरवलं, काटवल वाचवायचं. बाबा कुदळ घेऊन धुऱ्यावर उरल्यासुरल्या वेलाचा कंद काढायला निघाले तेव्हा तिनंच बजावलं, "फळणाराच आना. भाकडाले कायले आनता?" आणलेला कंद तिनं आंगणात न्हाणीजवळ लावला, वर तुराट्यांचा मांडव केला. वेल मांडवभर पसरला. मी पोळ्याला गेले तर पिवळी फुलं आणि प्रत्येक फुलामागं बोटाच्या पेराएवढं काटेरी फळ! माय मला हात धरून दाखवत होती. चार दिवसांत ती इवली फळं पिवळी पडून गळाली. सगळी. मी रिकाम्या पिशवीनं पांढुर्ण्याला परतले आणि मायनं त्या वर्षी बसपर्यंत यायचंही टाळलं.

दुसऱ्या वर्षीही तेच. तेव्हा सौसरच्या बाजारात मोहगावकडची एक म्हातारी काटवल विकत बसली होती. मायनं तिला विचारलं, तर ती म्हणाली, "नर नाही लावला का वो? नर न्यारा, मादी न्यारी. नराले निरी फुलंच येते."

माय तिथंच खाली बसली. "म्या त्याले भाकड म्हनून टाकून आली," ती म्हणाली.

बाबा दुसऱ्याच दिवशी विळा घेऊन बेशरममध्ये शिरले. अंगभर खाज घेऊन बाहेर आले. भाकड वेल सापडला नाही. म्हातारीनं पुढच्या पावसाळ्यात नराचा कंद आणून द्यायचं कबूल केलं, आणि माय त्या पावसाळ्याची वाट पाहू लागली. "येत्या पोळ्याले तुही पिशवी भरून देतो बाई," असं मला म्हणाली.

हिवाळ्यात तिला ताप आला, तो उतरलाच नाही.

म्हातारीनं शब्द पाळला. बाबांनी तो कंद मायच्या वेलाशेजारी लावला आणि पोळ्याला मांडवावर काटवलं लोंबू लागली. बाबांनी माझी पिशवी भरली, एक वेलावर ठेवलं. मी ती भाजी केली आणि ताट बाजूला सारलं. मला काटवल नको होतं. मला धुऱ्यावरची ती सकाळ पाहिजे होती, मागून येणारं मायचं ओरडणं पाहिजे होतं.

आजही रस्त्याकडेला, नाल्याकाठी ती जांभळी फुलं दिसतात. शिवी अगदी ओठांवर येते. पण मग शेवटच्या आठवड्यातली माय आठवते. मी तिचे हात हातात घेऊन बसले होते. तळहात मऊ होते, बोराट्यांच्या काट्याचा एक वण उरला नव्हता. बाबा बाजूला बसून पुन्हापुन्हा त्यांवरून बोट फिरवत होते.