बहाव्याचं माप

आमच्या ताथवड्यात कुणाचं पोट साफ होईनासं झालं की ते माणूस आईकडंच यायचं. बांधावर आमचा बहावा होता. त्याच्या हातभर लांब काळ्या शेंगा पिकून वाळल्यावरच आई उतरवायची, फोडून आतला चिकट गर गरम पाण्यात कोळायची, बिया वेचून फेकायची. लेकराला चिंचोक्याएवढा गर, मोठ्या माणसाला बोराएवढा, बस्स. पोटुशी बाई आली तर हात जोडून परत पाठवायची. कळा मारून पोट दुखत असेल त्यालाही द्यायची नाही. "आवशिद हाय, गूळ न्हाई," असं ठणकावायची. तिच्या हातचं कुणाला कधी बाधलं नाही आणि मला त्याचा केवढा तोरा!

त्या वर्षी पिंपरीला औषधांच्या नव्या कारखान्यात बाटल्या भरायला मुली घेत होते. मी सातवी पास, माझी मैत्रीणही. दोघींना बोलावणं आलं. वडील म्हणाले, "जाऊ दे की, दिवस बदलल्यात."  वडिलांपुढं आई कधी बोलायचीच नाही. उलट तांब्यात निखारे घालून तिनं माझ्या पातळाला इस्त्री केली. मी हुरळून गेले.

आदल्या दिवशी दिवेलागणीला ती बहाव्याच्या पाण्याची वाटी घेऊन आली. "तिथं डागदर जीभ बघतो म्हनं. प्वाट साफ असल्यालं बरं. घे."

मी घटाघटा प्यायले. आईच्या हातचं होतं, त्यात बघायचं काय!

पहाटे जे सुरू झालं ते काय सांगू बाई! टमरेल घेऊन बांधाकडं पळायचं, परत येऊन टेकते न टेकते तोच पुन्हा कळ. उलट्याही झाल्या. इस्त्रीचं पातळ दांडीवर तसंच. उन्हं चढली तरी मी अंथरुणात रडत पडलेली, आणि आई डोक्यावरून हात फिरवत भाताची पेज पाजत होती. "माझ्या पोरीचं नशीबच खोटं," म्हणत होती. मला तिचीच दया आली, बोला!

सांजेला मैत्रीण आली. तिला कामावर घेतलं होतं. मी म्हणाले, "माझी वाट तरी बघायचीस गं जरा."

"वाट कशाला बघू? काल दुपारीच पाणवठ्यावर तुझ्या आईनं सांगितलं, ती येनार न्हाई, तू एकटीच जा."

काल. वाटी माझ्या हातात यायच्या आधी.

कुंपणानंच शेत खाल्लं हो माझं! परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. मैत्रीण गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. संताप मावत नव्हता. "आये, किती घातला व्हतास?"

तिनं पेज ढवळायची थांबवली नाही. "कारखान्यात जानारीला कोन सून करून घेईल? तुझ्या बापाला काय कळतंय?"

"त्ये न्हाई इचारलं मी. किती घातला व्हतास?"

"भिऊ नगंस," ती म्हणाली. "जिवाला धोका व्हनार न्हाई, पर उंबऱ्याभाईर बी पडता येनार न्हाई, येवढाच. मापूनच घातला मी."